मासा आजारी दिसतोय? बाटली उघडण्याआधी काय बघायचं आणि नंतर काय करायचं

फिशटँकमधला मासा पर मिटून कोपऱ्यात बसला, की बहुतेकांचा हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. आधी निळं औषध, फरक पडला नाही तर हिरवं, मग पिवळं. दरम्यान मासा मरतो आणि खापर आजारावर फुटतं. खरं तर घरच्या टाकीतल्या बऱ्याचशा आजारपणांचं मूळ पाण्यात असतं. पाणी बिघडलं की माशाची प्रतिकारशक्ती घटते, आणि टाकीत एरवी गपगुमान असलेले जिवाणू व परजीवी डोकं वर काढतात. त्यात काही औषधं फिल्टरमधले, माशांच्या घाणीतला अमोनिया संपवणारे उपयोगी जिवाणूही मारतात. मग अमोनिया वाढतो आणि आजारी माशाला दुसरा फटका बसतो. म्हणून क्रम असा ठेवा: पाणी, निरीक्षण, वेगळी टाकी आणि सगळ्यात शेवटी औषध.

किती मासे आणि किती वेगाने?

अंगावरचे डाग बघण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा. अर्धं निदान इथेच होतं.

काही तासांत सगळेच मासे एकदम बिघडले, तर तो सहसा संसर्ग नसतो. ऑक्सिजन संपलाय, अमोनिया वाढलाय, टाकीत क्लोरीन शिरलंय किंवा काहीतरी विषारी पाण्यात उतरलंय. खोलीत कीटकनाशक फवारलं होतं का, हे आठवा. झुरळ-डासांच्या फवाऱ्यांमधली पायरेथ्रॉइड रसायनं माशांना अत्यंत घातक असतात, आणि एअर पंप खोलीतलीच हवा टाकीत ढकलत असतो.

आधी एक, दोन दिवसांनी आणखी दोन, मग चार, अशी चढती कमान असेल तर संसर्ग किंवा परजीवी. आणि एकच मासा बरेच दिवस आजारी, बाकीचे ठणठणीत, असं असेल तर जखम, म्हातारपण, पोटातला बिघाड किंवा दुसऱ्या माशाची दादागिरी. ही शेवटची शक्यता लोक हटकून विसरतात. दिवे मालवल्यावर लांबून पंधरा मिनिटं टाकीकडे बघत बसा, कोण कोणाच्या मागे लागतंय ते कळतं.

गेल्या दोन-तीन आठवड्यांत काय बदललं तेही लिहून काढा. नवीन मासा किंवा नवीन वनस्पती आणली? फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला? वीज बराच वेळ गेली होती? बंद पडलेल्या फिल्टरमध्ये ऑक्सिजनअभावी जिवाणू मरतात आणि वीज आल्यावर ती घाण थेट टाकीत येते.

पहिल्या तासात

हवा वाढवा. एअर स्टोन सोडा किंवा फिल्टरचं तोंड असं वळवा की पृष्ठभाग खळखळेल. खाणं बंद करा. धडधाकट मोठा मासा चार-पाच दिवस उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही. दिवा बंद करा. मासे मोजा, फिल्टरमागे किंवा लाकडाखाली एखादा मेलेला मासा कुजत पडलेला असतो आणि तोच अमोनियाचा कारखाना असतो.

मग थर्मामीटर बघा आणि पाणी तपासा. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं टेस्ट किट जास्त भरवशाचं. अमोनिया शून्य हवा, नायट्राइट शून्य हवं, नायट्रेट 40 पीपीएमच्या (लिटरला 40 मिलिग्रॅमच्या) खाली, 20 च्या खाली असेल तर उत्तम. पीएच नेहमीचा आहे का तेही बघा, कारण अमोनियाचा आकडा पीएचशिवाय वाचता येत नाही. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी थोडाच भाग विषारी रूपात असतो. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर हा भाग जेमतेम अर्धा टक्का, आणि पीएच 8 ला पाच टक्क्यांहून जास्त. म्हणजे किटवर रंग तोच, पण विष जवळजवळ दसपट.

नायट्राइट रक्तात शिरलं की रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाते. कल्ले तांबूस-तपकिरी दिसतात आणि भरपूर हवा सोडूनही मासे धापा टाकत राहतात. इथे साधं मीठ कामाला येतं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांमधून नायट्राइटला आत शिरू देत नाही. लिटरला 1 ग्रॅम मीठ पुरेसं होतं.

अमोनिया किंवा नायट्राइट सापडलं तर 30 ते 50 टक्के पाणी बदला. नवीन पाणी टाकीच्या तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं हवं. पाणी दिवसभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) जात नाही. तुमच्या पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन वापरत असतील तर त्यासाठीचंच कंडिशनर लागेल. नुसतं सोडियम थायोसल्फेट घातलं तर क्लोरीन मरतं, पण सुटा झालेला अमोनिया मागे उरतो.

याला एक अपवाद आहे. महिनोन् महिने पाणी बदललेलंच नाही अशा टाकीचा पीएच घसरून 6 च्या खाली गेलेला असतो. तिथे अमोनिया भरपूर असतो, पण तो निरुपद्रवी रूपात. अशा टाकीत एकदम निम्मं ताजं पाणी ओतलं तर पीएच उसळी घेतो, साठलेला अमोनिया विषारी होतो आणि सकाळपर्यंत टाकी रिकामी. तिथे रोज 10-15 टक्केच पाणी बदला आणि आठवडाभर धीर धरा.

पाणी बदलल्यावर काही तासांत मासे सावरले तर औषधाचा विषय संपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी करा आणि कारण शोधा.

टॉर्च घेऊन बघायचं कसं

पाणी ठीक आहे आणि तरीही मासा बरा दिसत नाही, तर आता अंग तपासायचं. खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने, तिरका धरा. समोरून उजेड मारला की खवलेच चमकतात आणि बारीक काही दिसत नाही. तिरक्या उजेडात मखमलीसारखी सोनेरी धूळ, उठलेला खवला, त्वचेवरचा पांढुरका चिकट थर हे सगळं उठून दिसतं.

क्रम ठरवून बघा. आधी पोहणं: तोल जातो का, खडीवर किंवा दगडावर अंग घासतो का. मग श्वास: कल्ल्यांच्या हालचालींचा स्लो मोशन व्हिडिओ काढा आणि मिनिटाला किती वेळा उघडझाप होते ते मोजा, त्याच जातीच्या निरोगी माशाशी तुलना करा. दोन्हीऐवजी एकाच बाजूचा कल्ला हलत असेल तर कल्ल्यातल्या परजीवींचा संशय घ्या. मग त्वचा, परांच्या कडा, डोळे, पोट, शेवटी गुदद्वार. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबतेय का? लाल धागे बाहेर डोकावतात का? शेवटी वरूनही एकदा बघा. खवले उठलेत की नाही, हे बाजूने कळत नाही ते वरून लगेच कळतं.

काही गोष्टी आजार वाटतात पण नसतात. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर विणीच्या काळात पांढरे बारीक दाणे येतात. ते ओळीत, नीटनेटके आणि नेमक्या त्याच जागी असतात. व्हाइट स्पॉट (पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी आजार) समजून त्या बिचाऱ्याला औषधात बुडवणारे कमी नाहीत. बेट्टा आणि गुरामी वर येऊन हवा घेतात, कारण त्यांना थेट हवेतून श्वास घेणारं वेगळं इंद्रिय असतं. कॉरिडोरासही मधूनच वर झेप घेऊन हवा गिळतो. निऑन टेट्राचा रंग रात्री फिका पडतो आणि दिवा लावल्यावर थोड्या वेळात परत येतो.

हॉस्पिटल टाकी

20 ते 40 लिटरची साधी टाकी किंवा खाण्याच्या वस्तू ठेवायच्या दर्जाचा प्लॅस्टिकचा टब चालतो. खडी नको, वनस्पती नको. एक हीटर, एक स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा. वर झाकण हवंच, घाबरलेला मासा उडी मारतो. स्पंज फिल्टर मोठ्या टाकीत कायम चालू ठेवलेला असला तर जिवाणू आयते मिळतात. नसला तर रोज अमोनिया तपासून पाणी बदलावं लागेल, आणि बदललेल्या पाण्यापुरतंच औषध पुन्हा घालावं लागेल.

पाणी भरताना निम्मं मोठ्या टाकीतलं घ्या. पण त्या टाकीचं पाणीच खराब असेल तर नाही.

कोणत्या आजारात मासा वेगळा काढायचा आणि कोणत्यात सगळी टाकीच औषधात घ्यायची, याचा ठोकताळा असा: जखम, परांची सड, पोटाचे विकार यांत मासा वेगळा काढा. व्हाइट स्पॉट आणि व्हेल्वेट (अंगावर सोनेरी धूळ दिसणारा आजार) यांत परजीवीचा काही काळ खडीत आणि पाण्यात जातो, म्हणून मूळ टाकीवरच उपचार करा. किंवा सगळे मासे बाहेर काढून ती टाकी उबदार तापमानात दोन आठवडे माशांविना ठेवा; यजमान मिळाला नाही की हे परजीवी उपासमारीने मरतात.

डोस कशावर काढायचा

टाकी किती लिटरची म्हणून विकली गेली ते विसरा. लांबी, रुंदी आणि पाण्याची प्रत्यक्ष उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकाराला 1000 ने भागा. 60 × 30 ची टाकी 27 सेंटिमीटरपर्यंत भरली असेल तर 48.6 लिटर. त्यातून खडी, दगड, लाकूड यांचे 10 ते 15 टक्के वजा करा. उरलं साधारण 42-43 लिटर. विकतानाच्या 54 लिटरच्या हिशेबाने औषध घातलं असतं तर डोस पाव पटीने जास्त झाला असता. मॅलकाइट ग्रीन किंवा तांब्याच्या औषधात एवढी चूक माशाच्या जिवावर बेतते.

औषध घालण्याआधी फिल्टरमधला ॲक्टिव्हेटेड कार्बन काढा, नाहीतर तो औषध शोषून घेईल. यूव्ही दिवा असेल तर बंद. स्पंज आणि सिरॅमिक रिंग मात्र जागेवरच ठेवा. दोन औषधं एकत्र करू नका, लेबलवर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच करा. ‘सर्व रोगांवर एक’ असा दावा करणाऱ्या बाटल्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. त्यात नेमकं काय आणि किती आहे ते छापलेलं नसेल, तर ती दुकानातच राहू द्या.

मीठ

मीठ खरंच उपयोगी आहे, पण लोक ते चमच्याने आणि अंदाजाने घालतात. वजनकाट्यावर मोजा. काहीही न मिसळलेलं जाडं मीठ घ्या. सौम्य उपचाराला लिटरला 1 ग्रॅम, परजीवींवर 2 ते 3 ग्रॅम. सगळं एकदम नाही: तीन भाग करा, प्रत्येक भाग मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून 12-12 तासांनी घाला. कोरडे खडे टाकीत टाकले तर तळाशी बसणाऱ्या माशांना भाजतात.

मीठ उडून जात नाही. पाणी आटलं म्हणून भर घालताना साधं पाणी घाला. पाणी काढून बदललं असेल तरच, काढलेल्या पाण्यापुरतं मीठ पुन्हा. 40 लिटरला 2 ग्रॅमप्रमाणे 80 ग्रॅम घातलं असेल आणि 10 लिटर बदललं, तर परत 20 ग्रॅम. ही एवढी गोष्ट न पाळल्यामुळे दोन आठवड्यांत टाकी खाडीसारखी खारट होते.

कॉरिडोरास, लोच यांना आणि बिनखवल्यांच्या माशांना मीठ कमी सोसतं. 1 ग्रॅमपासून सुरुवात करा आणि लक्ष ठेवा. पाणवनस्पतींना 3 ग्रॅम सहसा झेपत नाही.

थोड्या वेळाचं तीव्र मीठस्नानही असतं: लिटरला 30 ग्रॅम, वेगळ्या बादलीत, हवा सोडून. मासा आडवा होऊ लागला की त्या क्षणी उचलायचा, मग तीस सेकंद झाली असोत वा तीन मिनिटं. हे फक्त दमदार, खवलेदार माशांसाठी. आधीच धापा टाकणाऱ्या माशाला यात घालू नका.

व्हाइट स्पॉट

मिठाचे कण भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके, एकाच आकाराचे, त्वचेतून किंचित वर आलेले. मासा अंग घासतो, पर मिटतो. कारण इक्थियोफ्थिरियस मल्टिफिलिस नावाचा एकपेशीय परजीवी. याचं जीवनचक्र समजलं नाही तर उपचार अर्धवट राहणार, म्हणून जरा थांबून वाचा.

ठिपका म्हणजे त्वचेखाली बसून जेवणारा परजीवी. तिथे त्याला औषध पोहोचत नाही. पोट भरलं की तो गळून पडतो, खडीवर किंवा पानावर चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत त्याची शेकडो पिल्लं होतात. तिथेही औषधाचा जोर चालत नाही. कवच फुटून पिल्लं पोहत बाहेर पडतात आणि साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेला. म्हणजे आपण ठिपके मारत नसतो, पुढच्या पिढीची वाट अडवत असतो.

25 अंशांच्या आसपास हे चक्र साधारण आठवड्यात पूर्ण होतं, थंड पाण्यात कित्येक आठवडे लागतात. म्हणून तापमान वाढवायचं: दोन-तीन तासांनी एक अंश या बेताने 29-30 पर्यंत. चक्र वेगाने फिरलं की परजीवी लवकर उघड्यावर येतो. मात्र पाणी तापलं की ऑक्सिजन घटतो. 20 अंशांना पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, 30 ला साडेसात. कल्ल्यांवरही ठिपके असलेल्या माशाला हा फरक जाणवतो, म्हणून हवा दुप्पट करा. गोल्डफिशसारखे थंड पाण्याचे मासे 30 अंशांना नेऊ नका. त्यांना मीठ किंवा औषध आणि जास्त दिवस.

औषध म्हणून मॅलकाइट ग्रीन, किंवा मॅलकाइट ग्रीन आणि फॉर्मेलिन यांचं मिश्रण. बिनखवल्यांचे मासे आणि टेट्रा असतील तर लेबलवरचा कमी डोस. हातमोजे घाला; ही दोन्ही रसायनं आपल्यालाही चांगली नाहीत. फॉर्मेलिन पाण्यातला ऑक्सिजनही खातं. रोज किंवा दिवसाआड, लेबलप्रमाणे, आणि प्रत्येक डोसआधी खडी सायफनने साफ करून पाव भाग पाणी बदला. खडीतली कवचं जेवढी बाहेर जातील तेवढं बरं. मीठ आणि तापमान एवढ्यावरही सौम्य लागण आटोक्यात येते, पण उष्णता सोसणारे वाणही आढळतात. चार-पाच दिवसांत नवे ठिपके येतच राहिले तर औषधाकडे वळा.

उपचार सुरू केल्यावर एक-दोन दिवस ठिपके वाढलेले दिसतील. ते आधीच त्वचेत शिरलेले होते, आता मोठे होतायत. औषध बदलू नका. आणि ठिपके गेले म्हणून लगेच थांबूही नका. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावर आणखी किमान तीन-चार दिवस, एकूण दहा ते चौदा दिवस. बहुतेकांच्या टाकीत महिन्याभराने पुन्हा लागण होते ती इथेच चुकल्यामुळे.

व्हेल्वेट

ठिपके व्हाइट स्पॉटहून कितीतरी बारीक, सोनेरी-पिवळसर, पिठासारखे. टॉर्चशिवाय सहज दिसत नाहीत. डाग दिसण्याआधीच मासा धापा टाकतो, कारण हा परजीवी कल्ल्यांवर आधी बसतो. त्याला प्रकाशातून ऊर्जा घेता येते, म्हणून टाकी कापडाने झाकून अंधार करा. तांब्याची औषधं यावर चांगली चालतात, पण तांब्याचं टेस्ट किट जवळ हवं. कोळंबी आणि गोगलगाई तांब्याने मरतात, त्यांना आधी हलवा. मऊ पाण्यात तांबं आणखी विषारी होतं.

कापूस दिसला: बुरशी की कॉलम्नॅरिस?

माझ्या मते घरच्या टाकीतली सगळ्यात महागात पडणारी गल्लत हीच. दोन्हींत पांढरं काहीतरी दिसतं, आणि उपचार एकमेकांच्या उलट.

बुरशी, बहुधा सॅप्रोलेग्निया, जखमेवर किंवा मेलेल्या अंड्यांवर येते. तिचे धागे पाण्यात उभे राहतात, लुसलुशीत झुबका दिसतो. वाढ हळू असते. मिथिलीन ब्लू, वेगळ्या टाकीत, किंवा मीठ. मिथिलीन ब्लू मोठ्या टाकीत घालू नका: फिल्टरचे जिवाणू मारतं आणि काचेच्या सांध्यांमधलं सिलिकॉन कायमचं निळं करतं.

कॉलम्नॅरिस हा फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नॅरे या जिवाणूचा आजार. चट्टा सपाट असतो, राखाडी-पांढरा, कडेला पिवळसर किंवा लालसर. आवडत्या जागा दोन: तोंडाच्या कडा, आणि पाठीच्या पराखाली खोगिरासारखा दोन्ही बाजूंना उतरलेला पट्टा. सकाळी नखाएवढा असलेला चट्टा दुसऱ्या दिवशी अर्धी पाठ व्यापतो, आणि तीव्र लागणीत मासा एक-दोन दिवसांत जातो. तोंडाची बुरशी म्हणून ओळखला जाणारा प्रकार बहुतेक वेळा हाच असतो. इथे तापमान वाढवणं म्हणजे आगीत तेल. उलट, त्या जातीला झेपेल तितकं, 23-24 अंशांपर्यंत हळूहळू उतरवा, हवा वाढवा आणि ग्रॅम-निगेटिव्ह (हा जिवाणू ज्या गटातला आहे त्या) जिवाणूंवर चालणारं अँटिबायोटिक सुरू करा. ऑक्सिटेट्रासायक्लिन किंवा कनामायसिन ही नावं लेबलवर शोधा.

अँटिबायोटिक मिळण्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत. पशुवैद्याची चिठ्ठी लागत असेल तर ती घ्याच. माणसांच्या गोळ्या कुटून अंदाजाने घालू नका, आणि सुरू केलेला कोर्स मध्येच सोडू नका. अर्धवट डोसातून जे जिवाणू वाचतात, त्यांना पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही.

परांची सड

कडा पांढुरक्या, मग लालसर, मग झालरीसारख्या विरलेल्या. दुसऱ्या माशाने कुरतडलेला पर वेगळा ओळखता येतो: तुकडा स्वच्छ तुटलेला असतो आणि कडेला रंग बदललेला नसतो. सड सुरुवातीची असेल तर आठवडाभर दिवसाआड 25 टक्के पाणी बदला आणि लिटरला 1 ग्रॅम मीठ. बहुतेक मासे एवढ्यावर सुधारतात. बरं होताना कडेला पारदर्शक नवा पडदा येतो, त्याला सड समजू नका. सड पराच्या मुळापर्यंत पोहोचली तर अँटिबायोटिक.

फुगलेलं पोट आणि बिघडलेला तोल

वरून बघितल्यावर खवले पाइनच्या शंकूसारखे उभे दिसले तर ती ड्रॉप्सी. हा वेगळा आजार नव्हे, लक्षण आहे. आत मूत्रपिंड निकामी होऊन अंगात पाणी साठलेलं असतं. खरं सांगायचं तर या टप्प्यावर वाचणारे मासे थोडे. मासा वेगळा काढा, दर 20 लिटरला 1 चहाचा चमचा एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) विरघळवून घाला, तो खात असेल तर अँटिबायोटिकयुक्त खाणं द्या. एप्सम सॉल्ट आणि साधं मीठ यांची अदलाबदल करू नका; ड्रॉप्सीत साधं मीठ टाळलेलं बरं.

पोट फुगलंय, खवले सपाट आहेत आणि मासा खातोय, तर बद्धकोष्ठ किंवा अंडी. दोन-तीन दिवस उपास. मग गोल्डफिशला उकडून साल काढलेला मटार, बेट्टाला डॅफ्निया (पाण्यातले बारीक कवचधारी जीव). बेट्टा मांसाहारी आहे, त्याला मटार भरवू नका.

गोल आकाराच्या गोल्डफिशमध्ये तोल जाणं अंगकाठीमुळेच होतं, वाताशय (तरंगायला मदत करणारी पोटातली हवेची पिशवी) दबलेलं असतं. तरंगणाऱ्या खाण्याऐवजी बुडणारं, भिजवलेलं खाणं द्या. सततचा त्रास पूर्ण जात नाही, पण मासा तसाच वर्षानुवर्षं जगू शकतो.

एकच डोळा सुजून बाहेर आला असेल तर बहुधा मार लागलाय. स्वच्छ पाणी द्या. दोन्ही आले असतील तर पाणी किंवा आतला संसर्ग.

जंत आणि इतर पाहुणे

पांढरी दोरीसारखी विष्ठा, खाऊनही खंगणं, सिक्लिडमध्ये डोक्यावर खड्डे: आतड्यातले एकपेशीय परजीवी. यावर मेट्रोनिडाझोल, शक्यतो खाण्यातून, कारण पाण्यात घातलेलं औषध पोटात पुरेसं जात नाही. खाणं सोडलेल्या माशालाच पाण्यातून द्या.

कल्ल्यातल्या आणि त्वचेवरच्या फ्लूकवर (बारीक चपट्या कृमींवर) प्राझिक्वांटेल, लिटरला 2 मिलिग्रॅम. कल्ल्यातले फ्लूक अंडी घालतात आणि अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून आठवड्याभराने पुन्हा. गुदद्वारातून लाल धागे डोकावत असतील तर ते कॅमॅलॅनस जंत. इथे प्राझिक्वांटेल निरुपयोगी, लेव्हामिसोल लागतं. लिटरला 2 मिलिग्रॅम, 24 तास, अंधारात. हे औषध जंतांना लुळं करतं, ते जिवंतच बाहेर पडतात. म्हणून दुसऱ्या दिवशी तळ सायफनने कसून साफ करा आणि बरंचसं पाणी बदला. दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा.

अँकर वर्म डोळ्यांना दिसतो, त्वचेतून निघालेल्या काडीसारखा. मासा ओल्या कापडात धरून चिमट्याने मुळाशी पकडून सावकाश ओढा, आणि जखमेची बुरशीपासून काळजी घ्या. मागे राहिलेल्या अळ्यांसाठी टाकीवर वेगळं औषध लागतं.

जिथे उपचार थांबवायचा

निऑन टेट्राचा लाल-निळा पट्टा तुकड्या-तुकड्याने पांढरा पडत गेला, पाठ वाकली, तर तो प्लेइस्टोफोरा नावाच्या परजीवीचा आजार असू शकतो. त्यावर औषध नाही, मासा वेगळा काढा. महिनोन् महिने खंगत जाणं, वाकलेला कणा, न भरणाऱ्या जखमा ही माशांच्या क्षयाची लक्षणं. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू माणसाच्या हातावरच्या जखमेतून शिरून चिवट गाठी उठवतो. हाताला चीर असेल तर हातमोज्याशिवाय टाकीत हात घालू नका, आणि सायफन कधीच तोंडाने ओढू नका. टाकी साफ केल्यानंतर काही आठवड्यांनी हातावर न भरणारी गाठ आली, तर डॉक्टरांना फिशटँकचं आवर्जून सांगा. सहसा त्यांना ते सुचत नाही.

मासा खात नाही, सरळ राहू शकत नाही, उपचाराला दाद देत नाही, तेव्हा त्याला सोडवणं योग्य. फ्रीझरमध्ये ठेवणं किंवा संडासात सोडणं दोन्ही क्रूर. लवंगेचं तेल वापरा. काही थेंब छोट्या बाटलीत कोमट पाण्याबरोबर दुधाळ होईपर्यंत हलवा आणि मासा असलेल्या लिटरभर पाण्यात थोडं थोडं सोडा. मासा गुंगून आडवा झाला की एकूण प्रमाण लिटरला 0.4 मिलिलिटरपर्यंत न्या. कल्ल्यांची हालचाल पूर्ण थांबल्यावरही किमान अर्धा तास त्याच पाण्यात राहू द्या.

उपचारानंतर

कोर्स संपला की निम्मं पाणी बदला आणि नवा कार्बन दोन दिवस घाला, म्हणजे उरलेलं औषध निघून जाईल. पुढचे दोन आठवडे अमोनिया दिवसाआड तपासा. औषधाने फिल्टर कमजोर झाला असेल तर त्याच काळात कळतं. खाणं निम्म्यावर ठेवा.

हॉस्पिटल टाकीची जाळी, नळी, बादली वेगळी ठेवा आणि त्यावर खूण करा. वापरानंतर सगळं पूर्ण वाळू द्या. व्हाइट स्पॉटचा परजीवी कोरडेपणात टिकत नाही. क्षयाचा संशय असेल तर मात्र वाळवण्यावर विसंबू नका, जाळी फेकून द्या. नवीन मासा आला की चार आठवडे याच टाकीत, औषधाविना, रोज एकदा तिरक्या टॉर्चखाली.